डिव्हच्या जागी काय लिहायचं आणि का: एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पतसंस्थेचं मराठी संकेतस्थळ तुम्ही एकट्याने बांधलंत. सगळी पानं डिव्ह आणि स्पॅन या, स्वतःचा काही अर्थ नसलेल्या एचटीएमएल टॅगांमध्ये आहेत, मोबाइलवर नीट दिसतात, संचालक मंडळाला पसंत आहेत. आता तुमचे वरिष्ठ म्हणतात की सगळं सिमँटिक टॅगमध्ये, म्हणजे आत काय आहे ते नावानेच सांगणाऱ्या टॅगमध्ये, बदला. तुम्ही विचारताय की पडद्यावर काडीचा फरक पडणार नसेल तर हा खटाटोप कशासाठी, आणि करायचाच झाला तर सेक्शन कुठे, आर्टिकल कुठे आणि डिव्ह कुठे.

मी टॅगच्या आधी फाँटविषयी बोलतो, कारण हा मुद्दा मराठी माणसाने एकदा भोगलेला आहे. युनिकोड सर्रास होण्यापूर्वी आपण श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत लिहायचो. कृतिदेवमध्ये 'मराठी' टंकलं की पडद्यावर 'मराठी' उमटायचं, पण फाइलमध्ये साठायची ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं. तो फाँट आहे तोवर सगळं ठीक. तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की कचरा. शब्द शोधावा तर सापडत नसे, ईमेलमध्ये चिकटवावा तर वाचता येत नसे, यादी अकारविल्हे लावायला सांगावी तर क्रम भलताच लागे. अक्षर मराठी दिसत होतं, मराठी नव्हतं. युनिकोड आल्यावर डोळ्यांना काय वेगळं दिसलं? काहीच नाही. 'क' आधीही 'क'च दिसत होता. आता मात्र तो स्वतः सांगतो की मी 'क' आहे, मग फाँट कुठलाही असो.

डिव्हला निळा रंग, सावली आणि गोल कोपरे देऊन केलेलं बटण म्हणजे कृतिदेवमधलं 'मराठी'. ज्याच्यापुढे तुमची सीएसएस, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणारे नियम, आहे आणि ती पाहणारे डोळे आहेत, त्याच्यापुरतंच ते बटण आहे.

डोळ्यांशिवाय तुमचं पान कोण वाचतं, ते बघा. ब्राउझर तुमच्या एचटीएमएलमधून एक दुसरं झाड तयार करत असतो. प्रत्येक वस्तू काय आहे, तिचं नाव काय आणि ती सध्या कुठल्या अवस्थेत आहे, एवढंच त्यात असतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, हे झाड वाचतो. फोनला तोंडी आज्ञा देऊन 'अर्ज करा' दाबायला सांगणारा माणूस याच झाडावर विसंबून असतो. डिव्ह या झाडात काहीच सांगत नाही. तो निव्वळ खोका आहे, आणि खोका म्हणून तो उत्तमच आहे. तक्रार डिव्हबद्दल नाही. ज्या वस्तूला स्वतःचं नाव आहे तिला खोक्यात घालून तिचं नाव पुसण्याबद्दल आहे.

म्हणून कामाचा क्रम मी इतरांपेक्षा वेगळा सांगतो. बहुतेक जण हेडर, नॅव्ह, मेन, फूटर या चौकटीपासून सुरुवात करतात, कारण ते सोपं असतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. तुम्ही बटणांपासून सुरुवात करा. चौकट चुकली तर वाचणाऱ्याला वेळ लागतो. बटण चुकलं तर त्याचं काम अडतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी अर्जाचं एक लांबलचक पान केलं होतं. चार टप्पे, प्रत्येक टप्प्याखाली 'पुढे' असं सुबक बटण, आणि ते बटण म्हणजे क्लिकवर जावास्क्रिप्ट चालवणारा डिव्ह. आमच्याकडचे एक अंध सहकारी ते तपासायला बसले. पहिल्या टप्प्यातली सगळी माहिती त्यांनी भरली, टॅबची कळ दाबली आणि ते थेट फूटरमधल्या लिंकवर पोहोचले. मागे आले, पुन्हा पुढे गेले. 'पुढे' हा शब्द त्यांना ऐकू येत होता, पण वाक्यातल्या एखाद्या शब्दासारखा. तो दाबायचा असतो हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि कळलं असतं तरी कीबोर्डने तो दाबला गेला नसता. वीस मिनिटं मी त्यांच्या शेजारी बसून ते पाहत होतो. तेव्हापासून मी डिव्हचं बटण केलेलं नाही.

खरं बटण एलिमेंट लिहिलं की न मागता काय काय मिळतं ते मोजा. टॅबने त्याच्यावर पोहोचता येतं. एंटरनेही ते दाबलं जातं आणि स्पेसबारनेही. स्क्रीन रीडर नावापाठोपाठ 'बटण' असं सांगतो. डिसेबल्ड केलं की ते खरंच बंद होतं, आणि बंद असल्याचं ऐकवलंही जातं. विंडोजमध्ये जास्त कॉन्ट्रास्टचे रंग लावलेल्या माणसालाही ते बटणासारखंच दिसतं. हेच सगळं डिव्हवर आणायचं तर टॅबने पोहोचता यावं म्हणून टॅबइंडेक्स लावा, 'हे बटण आहे' असं सांगणारा रोल लावा, दोन्ही कळांसाठी जावास्क्रिप्ट लिहा, स्पेसबारने पान खाली सरकतं ते अडवा, बंद अवस्थेसाठी वेगळं अ‍ॅट्रिब्यूट सांभाळा. एका शब्दाऐवजी पन्नास ओळी, आणि त्यातली एखादी राहतेच. एक काळजी मात्र घ्या. फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते सबमिट समजलं जातं. 'पासवर्ड दाखवा' असल्या बटणाने अख्खा फॉर्म पाठवला जातो तो यामुळेच. तिथे टाइप म्हणून 'बटन' हे मूल्य स्पष्ट लिहा.

बटण की लिंक, हा घोळ पुष्कळांचा होतो. दुसरीकडे नेते ती लिंक, इथेच काही करतं ते बटण. 'शाखांची यादी' ही लिंक. 'हप्ता मोजा' हे बटण. लिंक लिहिताना ए टॅगला एचरेफमध्ये खरा पत्ता द्या. तो असला तरच माणसाला बोट दाबून धरून 'नव्या टॅबमध्ये उघडा' करता येतं. शोधासाठी पानं गोळा करणारा गूगलचा क्रॉलरही पानावरून पानावर जातो तो एचरेफच्याच आधाराने. डिव्हवर क्लिक करून पुढे काय येतं ते तो बघत बसत नाही. शोधात वर यायला सिमँटिक टॅग लागतात का, असं पुढेमागे कुणी विचारेल, म्हणून आत्ताच सांगतो: नुसता सेक्शन किंवा आर्टिकल लिहिल्याने क्रमांक वर जात नाही, आणि तसं आश्वासन संचालकांना देऊ नका. खऱ्या लिंक, पानाचं नेमकं टायटल आणि अर्थपूर्ण शीर्षकं मात्र उपयोगी पडतात.

आता फॉर्म. तुमच्या ठेवीच्या अर्जात रकान्याचं नाव फिकट अक्षरांत आतच लिहिलंय, टंकायला लागलं की ते गायब होतं. त्याला लेबल म्हणत नाहीत. लेबल एलिमेंट वेगळा लिहा, त्याच्या फॉरमध्ये इनपुटचा आयडी द्या. मग त्या नावावर बोट टेकलं तरी रकाना उघडतो. ज्येष्ठ सभासदाचं बोट मोबाइलवर नेमकं रकान्यात पडत नाही, त्याला याचा फार उपयोग होतो. स्क्रीन रीडरलाही 'रकाना, रिकामा' एवढ्याऐवजी 'वारसदाराचं नाव' असं सांगता येतं.

त्याच अर्जात 'बचत, आवर्त, मुदत, पिग्मी' अशी चार रेडिओ बटणं आहेत आणि वर ठळक स्पॅनमध्ये 'ठेवीचा प्रकार' असं आहे. डोळ्यांना हा संबंध दिसतो. कानांना नुसतं 'आवर्त, चारपैकी दोन' ऐकू येतं आणि प्रश्न काय होता तेच कळत नाही. चारही पर्याय एका फील्डसेटमध्ये घाला आणि 'ठेवीचा प्रकार' लिजंडमध्ये. फील्डसेटची डिफॉल्ट चौकट नको असेल तर सीएसएसने काढा. ती नको म्हणून फील्डसेट टाळू नका. दिसणं हा सीएसएसचा प्रांत आहे. टॅग निवडताना तो मनातून बाजूला ठेवता आला की अर्धं काम झालं.

यासाठी माझी एक जुनी सवय आहे. पान बांधण्याआधी त्यातला मजकूर मी फोनवर कुणाला तरी वाचून दाखवतोय अशी कल्पना करतो. समोरच्याला काहीच दिसत नाही. मग मी आपोआप म्हणतो, 'आता व्याजदरांचा तक्ता आहे, तीन रकाने आहेत', 'याखाली पाच मुद्द्यांची यादी आहे', 'ही बातमी संपली, आता दुसरी', 'हे बाजूचं आहे, सोडलं तरी चालेल'. या वाक्यांत जे जे नाम येतं तो तुमचा टॅग. 'मग एक पांढरी पट्टी आहे' असं आपण फोनवर म्हणत नाही. त्या पट्टीला डिव्ह पुरे.

शीर्षकांकडे येऊ. वेबएम या संस्थेच्या २०२३-२४च्या पाहणीत स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना विचारलं होतं की लांब पानावर हवी ती माहिती आधी कशी शोधता. ७१.६ टक्के लोकांनी सांगितलं: शीर्षकांवरून उड्या मारत. आपण वर्तमानपत्राचे मथळे चाळतो, तसंच हे. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एच ही कळ दाबली की पुढचं शीर्षक येतं, आणि एक ते सहा आकडे दाबले की त्या त्या पातळीचं. तुमच्या पानावर ही कळ दाबली तर 'शीर्षक नाही' एवढंच उत्तर मिळेल, कारण तुमचे सगळे मथळे मोठ्या अक्षरांतले डिव्ह आहेत.

पातळी निवडताना अक्षराच्या आकाराकडे पाहू नका, पुस्तकाची अनुक्रमणिका डोळ्यांपुढे आणा. 'ठेव योजना' हे पानाचं नाव, म्हणून एच१. त्याखाली 'मुदत ठेव', 'आवर्त ठेव' हे एच२. मुदत ठेवीच्या आत 'मुदतपूर्व पैसे काढणे' हे एच३. एच२ फार मोठं दिसतं म्हणून एच४ घेतलं, हे मी नव्या मुलांच्या कामात कायम पाहतो. आकार सीएसएसने लहान करा, पातळी तीच ठेवा.

इथे एक जुना गैरसमज मोडतो, कारण अजून कितीतरी शिकवण्यांत तो चालू आहे. प्रत्येक सेक्शनमध्ये एच१ लिहा, ब्राउझर खोली पाहून पातळी आपोआप ठरवेल, असं एचटीएमएल५च्या सुरुवातीच्या काळात सांगितलं जायचं. ती योजना मानकात होती हे खरं, पण स्क्रीन रीडरपर्यंत ती पोहोचवण्याचं काम कुठल्याही ब्राउझरने केलं नाही, आणि २०२२मध्ये ती मानकातून काढून टाकली गेली. म्हणून पातळ्या हाताने, नीट क्रमाने लिहा आणि एच१ पानावर एकच ठेवा.

आता चौकट, म्हणजे हेडर, नॅव्ह, मेन, असाइड, फूटर. ही नावं आली कुठून ते सांगतो, म्हणजे ती परकी वाटणार नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत असताना १९९१मध्ये एचटीएमएलच्या टॅगांची जी पहिली यादी मांडली, तीत जेमतेम अठराएक टॅग होते: परिच्छेद, सहा पातळ्यांची शीर्षकं, याद्या, पत्ता. जवळपास सगळे अर्थ सांगणारे. दिसण्याचा सोस नंतर आला. फाँटचा टॅग आला, पानाची मांडणी करायला टेबलात टेबलं घालण्याची रीत पडली. ती सुटली तेव्हा लोक डिव्हकडे वळले, आणि प्रत्येक डिव्हला स्वतःच नावं देऊ लागले. २००५च्या डिसेंबरमध्ये गूगलने अब्जाहून थोड्या अधिक पानांची पाहणी केली. त्यात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या क्लासच्या नावांत फूटर, मेनू, कंटेंट, हेडर, नॅव्ह हीच नावं वर निघाली. म्हणजे जगभरचे लोक एकमेकांना न विचारता डिव्हवर त्याच त्या पाट्या चिकटवत होते. त्या पाट्यांतल्या काही पुढे खरे टॅग झाल्या. एचटीएमएल५ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अंतिम मान्यता ऑक्टोबर २०१४मध्ये मिळाली. तुमच्या कोडमध्येही 'हेडर' नावाच्या क्लासचा डिव्ह आहेच. बदल एवढाच करायचा की क्लासमधलं नाव टॅगच्या जागी आणायचं.

मेन एका पानावर एकच दिसता असावा, आणि त्यात फक्त त्या पानाचं स्वतःचं असं जे आहे ते. वरची पट्टी, मेनू, खालचे पत्ते त्याच्या बाहेर. नॅव्ह प्रत्येक लिंकांच्या झुबक्याला लावू नका. मुख्य मेनू आणि फार तर पानाच्या आतली अनुक्रमणिका. दोन नॅव्ह असतील तर एरिया-लेबल या, स्क्रीन रीडरला नाव सांगणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटने त्यांना नावं द्या, 'मुख्य मेनू' आणि 'या पानावर'. हेडर आणि फूटर आर्टिकलच्या आतही चालतात. तिथे ते त्या लेखाचे होतात, अख्ख्या पानाचे राहत नाहीत. शोधाच्या चौकोनासाठी २०२३पासून सर्च नावाचा टॅगही मानकात आहे. एवढं पुरे; हा भाग तुम्ही एका दुपारी उरकाल.

सेक्शन, आर्टिकल की डिव्ह, हा तुमचा मुख्य प्रश्न होता. आर्टिकलसाठी मी कात्रणाची कसोटी लावतो. आपल्याकडे वर्तमानपत्रातली कात्रणं काढून वहीत चिकटवणारी माणसं घरोघरी होती. हा तुकडा कापून दुसरीकडे चिकटवला तर त्याचा अर्थ पुरा राहील का? वार्षिक सभेची सूचना राहील. व्याजदर बदलल्याची बातमी राहील. तो आर्टिकल. 'मुदतपूर्व पैसे काढणे' हा तुकडा मुदत ठेवीच्या माहितीतून कापला तर लोंबकळेल. तो सेक्शन, कारण तो मोठ्या मजकुराचा प्रकरणासारखा भाग आहे आणि त्याला स्वतःचं शीर्षक आहे. शीर्षक देता येत नाही, देऊ गेलं तर ओढूनताणून होतं, तर तो डिव्ह. फक्त दोन रकाने शेजारी बसवायला किंवा पार्श्वभूमीला रंग द्यायला खोका हवाय? डिव्ह. नि:शंक डिव्ह.

सेक्शनबद्दल एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. नुसता सेक्शन लिहिला तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो डिव्हएवढाच मुका आहे. एरिया-लेबल्डबाय लावून त्याला शीर्षकाचं नाव जोडलं, तरच तो स्वतंत्र विभाग म्हणून घोषित होतो. पण म्हणून प्रत्येक सेक्शनला नाव जोडत सुटू नका. पानावर वीस विभाग घोषित झाले तर ऐकणाऱ्याला ती गर्दीच वाटते. शीर्षकं नीट असतील तर सेक्शनचे तपशील पुष्कळसे आपोआप भागतात. सेक्शन की आर्टिकल यावर तासभर वाद घालणारी मंडळी मी पाहिलीत. तोच तास लेबलांवर घालवला असता तर एखाद्या सभासदाचा अर्ज पुरा भरला गेला असता.

आता तुमच्या संकेतस्थळाचं काळीज: व्याजदराचा तक्ता. तो तुम्ही डिव्हच्या जाळीने केलाय. मांडणीसाठी टेबल वापरू नका हे तुम्ही कुठेतरी शिकलात, ते बरोबरच आहे. पण हा खराखुरा तक्ता आहे आणि खऱ्या तक्त्यासाठी टेबलच हवं. डिव्हच्या जाळीतून स्क्रीन रीडर काय वाचतो ते मोठ्याने म्हणून पाहा: 'मुदत, सर्वसाधारण, ज्येष्ठ नागरिक, एक वर्ष, सात, साडेसात, दोन वर्षे, साडेसात, आठ.' चौथ्या ओळीपर्यंत कुठला आकडा कुणाचा ते तुम्हालाही सांगता येणार नाही. सत्तरीतल्या, नजर कमी झालेल्या ठेवीदाराला आपल्याला अर्धा टक्का जास्त मिळतो की नाही, हे इथूनच कळायला हवं.

टेबल लिहा. त्यात सगळ्यांत आधी कॅप्शन: 'मुदत ठेवींचे व्याजदर', आणि ते कुठल्या तारखेपासून लागू आहेत तेही. वरच्या रकान्यांची नावं टीएचमध्ये, स्कोप 'कॉल'. डावीकडे 'एक वर्ष', 'दोन वर्षे' हेही टीएच, स्कोप 'रो'. हे डावीकडचं बहुतेक जण विसरतात. आकडे टीडीमध्ये. आता एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ दाबत खाली सरकलं की ऐकू येतं: 'दोन वर्षे, आठ.' आडवं सरकलं की रकान्याचं नाव. आकडा आपल्या मालकासकट येतो.

मोबाइलवर टेबल मावत नाही म्हणून त्याच्या ओळींना डिस्प्ले ब्लॉक करून कार्डं पाडण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. ती जपून वापरा. डिस्प्ले बदलला की काही ठिकाणी ब्राउझर त्याला टेबल मानायचंच सोडतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. टेबलाभोवती आडवं सरकणारा एक डिव्ह ठेवा, आणि कीबोर्डनेही तो सरकावा म्हणून त्याला टॅबइंडेक्स शून्य द्या. यादीबद्दलही असंच. लिस्ट-स्टाइल काढून टाकली की सफारीतला व्हॉइसओव्हर हा अ‍ॅपलचा स्क्रीन रीडर त्या यादीला यादी म्हणत नाही. नॅव्हच्या आतल्या यादीला तो सूट देतो. 'पाच वस्तूंची यादी' असं ऐकू येणं जिथे गरजेचं आहे तिथे यादीच्या यूएल टॅगवर रोल म्हणून 'लिस्ट' लिहा.

भाषेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण मराठी संकेतस्थळांत ही चूक जवळपास हमखास सापडते. तयार साचा घेतला की एचटीएमएल टॅगवरचा लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी पाटी, इंग्रजीच राहतो आणि कुणाचं लक्ष जात नाही, कारण पडद्यावर काही बिघडत नाही. पुन्हा तोच कृतिदेवचा प्रकार: अक्षरं देवनागरी, पाटी इंग्रजीची. स्क्रीन रीडर आवाज निवडतो तो या पाटीवरून. इंग्रजी आवाजाला मराठी वाचायला दिलं तर तो कधी गप्प बसतो, कधी काहीबाही बडबडतो. मराठीसाठी एम-आर ही दोन रोमन अक्षरं लिहा. हिंदीसाठीचा एच-आय लिहून भागवू नका. लिपी एक असली तरी उच्चार वेगळे. शब्दाच्या शेवटचा 'अ' कुठे गळतो, 'च' आणि 'ज' कुठे दंततालव्य, हे हिंदी आवाजाला ठाऊक नसतं. पानावर एखादा परिच्छेद इंग्रजीत असेल तर त्या परिच्छेदाला वेगळा लँग द्या.

लँगचा उपयोग फक्त कानांना होतो असंही नाही. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही मराठीची रूपं ठरवून दिली आहेत. ज्या फाँटांत मराठीसाठी ही वेगळी रूपं भरलेली आहेत, ते फाँट भाषेची पाटी पाहून ती बाहेर काढतात. पाटी हिंदीची किंवा इंग्रजीची असेल तर हिंदी वळणाचे 'श' आणि 'ल' दिसतात. म्हणजे इथे अर्थ नीट सांगितला तर दिसणंही सुधारतं.

तारखांना टाइम टॅग लावा. माणसांसाठी आत '५ मार्च' आपल्या अंकांत खुशाल लिहा, पण डेटटाइम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये वर्ष, महिना, दिवस या क्रमाने इंग्रजी अंकच (0 ते 9) हवेत. देवनागरी अंक तिथे ग्राह्य धरले जात नाहीत. अ‍ॅड्रेस टॅग नाव वाचून कुठल्याही पत्त्याला लावू नका. तो त्या पानाच्या किंवा लेखाच्या संपर्कासाठी आहे. संस्थेच्या मुख्य कार्यालयाला ठीक, कर्जदाराच्या पत्त्याच्या नमुन्याला नाही. जोर द्यायचा असेल तर ईएम, महत्त्वाचं असेल तर स्ट्राँग. 'नेहमीचे प्रश्न' उघडबंद करण्यासाठी जावास्क्रिप्ट लिहिलंय ते काढून डिटेल्स आणि समरी वापरा. कीबोर्ड, घोषणा सगळं त्यात आहेच.

एरियाबद्दल, म्हणजे स्क्रीन रीडरसाठी वरून लावायच्या रोल, एरिया-लेबल असल्या अ‍ॅट्रिब्यूटांबद्दल, सावध करतो. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून सगळ्या डिव्हांवर रोल आणि एरिया चिकटवत सुटलात तर पान आहे त्यापेक्षा वाईट होईल. एरियाचा पहिला नियमच असा आहे की जिथे खरा एचटीएमएल टॅग आहे तिथे तोच वापरा. एरिया फक्त पाटी लावते, वागणूक देत नाही. डिव्हवर बटणाचा रोल लावला की स्क्रीन रीडर 'बटण' म्हणतो, माणूस एंटर दाबतो, आणि काहीच होत नाही. पाटी नसती तर निदान त्याने विश्वास तरी ठेवला नसता.

हे एकट्या तुमचं दुखणं आहे असं समजू नका. वेबएम दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. २०२५मध्ये त्यांपैकी ९४.८ टक्क्यांवर यंत्राला आपसूक सापडतील असे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता येण्यातले, दोष निघाले. सापडलेल्या दोषांतले ९६ टक्के फक्त सहा प्रकारांत बसतात: फिकट मजकूर, चित्रांचा पर्यायी मजकूर नसणं, लेबल नसणं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न सांगणं. या सहांतले बहुतेक तुम्ही आज दुरुस्त करू शकता.

संचालकांपुढे विषय काढताना कायदाही हाताशी असू द्या. दिव्यांग व्यक्तींचा हक्क अधिनियम, २०१६ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल बोलतो. ३० एप्रिल २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण डिजिटल केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याचं होतं: आम्ल हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना खातं उघडताना येणाऱ्या अडचणींचं. आर्थिक व्यवहार करणाऱ्या संस्थेने तो निकाल वाचावाच. पुण्या-मुंबईत युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही २८ जून २०२५पासून लागू झालेल्या युरोपीय सुगम्यता कायद्यामुळे हे शिकावंच लागतंय.

तपासायला महागडं काही लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर, टॅब, एंटर, स्पेसबार आणि बाणांच्या कळा वापरून ठेवीचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरा; जिथे अडाल ती जागा लिहून ठेवा. मग ब्राउझरमध्ये सीएसएस बंद करून पान उघडा. उघडंनागडं, पांढऱ्यावर काळं पान दिसेल. ते वरून खाली वाचताना क्रम कळतोय का, मथळे मथळे वाटतायत का, तक्ता तक्ता आहे का, ते पाहा. मग एनव्हीडीए बसवा, इन्सर्ट आणि एफ७ दाबा. पानावरची शीर्षकं, लिंक, बटणं यांची यादी समोर येईल. त्यात 'इथे क्लिक करा' सात वेळा दिसलं तर लिंकांची नावं बदला.

सगळं एकदम फोडू नका. आधी लँगची दोन अक्षरं, पाच मिनिटांचं काम. खरी सुरुवात त्यानंतर, बटणं आणि लिंक यांपासून. मग अर्जातली लेबलं आणि फील्डसेट. मग व्याजदराचा तक्ता. त्यानंतर शीर्षकांच्या पातळ्या, आणि शेवटी मेन, नॅव्ह, फूटरची चौकट. क्लासची नावं तशीच ठेवलीत तर तुमची सीएसएस बहुतांशी चालेल. फक्त बटण, फील्डसेट आणि शीर्षकांना ब्राउझरने दिलेले मार्जिन आणि चौकटी काढाव्या लागतील. जिथे सीएसएसमध्ये डिव्ह असं टॅगचंच नाव लिहून नियम केलेत, तेवढे आधी शोधून क्लासवर आणा, नाहीतर टॅग बदलल्याबरोबर मांडणी सुटेल. अर्जाचं पान झालं की एखाद्या ज्येष्ठ सभासदाला शाखेत बोलवा, त्यांच्याच फोनवर अर्ज भरायला द्या आणि शेजारी बसून न बोलता पाहा.